माझे दात मोजले

परवा रात्री आमच्याच घरी, आईसमोर, माझे दात मोजले गेले, तेही तोंड न उघडता. तेव्हापासून डोकं फिरलंय.

झालं असं की लाइट होती म्हणून मी फुटबॉल मॅनेजर, म्हणजे कॉम्प्युटरवर फुटबॉलची टीम चालवायचा गेम, लावून बसलो होतो. स्काउटनं, म्हणजे गेममधल्या खेळाडू शोधणाऱ्या माणसानं, 17 वर्षांचं एक पोट्टं हुडकलं, पोटेन्शियल, म्हणजे पुढं किती चमकेल ते, साडेचार स्टार, सगळं बजेट ओतून घेतलं आणि दोन सीझन झाले तरी बेंचवरून उठत नाही. बाजूच्या खाटेवर मामा, बैलबाजारासाठी मुक्कामाला आलेले. दलालीत चाळीस वर्षं गेली त्यांची.

"हा पोट्टा पाह्यला कोनं?"

"स्काउटनं."

"अन् स्काउटले कोनं पाह्यलं?"

आता गेममध्ये स्काउटलाही मार्क असतात, आजची लायकी ओळखायचे वेगळे, पुढची ओळखायचे वेगळे. माझ्यावाल्याला पुढचीचे 20 पैकी 9. हे मी बोलून बसलो.

"मंग वीसवाला काऊन नाही ठेवला बे?"

"पगार परवडत नाही, मामा."

"अन् हे पोट्टं परवडलं?"

आई हसली. आई!

मग बाप्पा, सुरूच झाले. गोऱ्हा घेताना दात पाहायचे, भोवरा पाहायचा, मग कासरा स्वतःच्या हातात घेऊन चालवायचा, मालकाच्या हातात नाही, आणि भाव रुमालाखाली बोटं दाबून. मी चिडून सांगितलं की 2008 मध्ये एव्हर्टन क्लबनं खेळाडू शोधायला याच गेमचा डेटाबेस वापरायचा करार केला होता.

"एव्हर्टन कुठं आलं?"

"इंग्लंडात."

"हां. त्यायले परवडते."

तिथंच थांबायचं ना मी! पण नाही, टो मडेराचं सांगितलं. चॅम्पियनशिप मॅनेजर 01/02 या असल्याच जुन्या गेममधला पोर्तुगालचा स्ट्रायकर, धो धो गोल मारायचा, आणि असा खेळाडू खरा नव्हताच, माहिती भरणाऱ्यानंच घुसवलेला. मामा खोकला लागेपर्यंत हसले. "दावनीले बैलच नाही अन् सौदा झाला!"

वर ते स्टारही आपल्याच टीमच्या मानानं मोजलेले असतात, आपली टीम लंगडी असली की कोणीही साडेचार. पण निदान पोट्ट्याच्या आत 200 पैकी एक खरा आकडा दडवलेला असतो, स्काउट चुकला तरी. माझा स्काउट एका क्लिकवर आयव्हरी कोस्टला जातो. आमच्या तालुक्यात जिल्ह्याची निवड करायला आलेले सर अख्खी मॅच फोनवर होते, नावं घरूनच लिहून आणलेली, मी अनवाणी दोन गोल मारले ते त्यांच्या पाठीमागं. मीही 17 चाच होतो. जाऊ द्या.

मामांनी बिडी विझवली.

"बाई, हा किती वर्साचा झाला?"

"चौतीस."

"जुळला म्हना मंग."

बैलाचे आठही दात आले की जुळला म्हणतात. त्यापुढं भाव फक्त उतरतो.

आई हे कालपासून आळीत सांगत फिरतेय.