मोहाचं बी पोत्यात टिकत नाही
सातपुड्यात गावकऱ्यांनी सीडबॉल, म्हणजे बी घातलेले मातीचे गोळे, टाकल्याचा लेख वाचून खूप बरं वाटलं. फक्त एक कळकळीनं सांगतो, सगळ्या बियांना एकच नियम लावू नका. मोहाचं बी पावसाळ्याच्या तोंडाशी पिकतं आणि काही आठवड्यांतच त्याची उगवण जाते. गोळा केलं की लगेच पेरायचं, पुढच्या वर्षासाठी ठेवायचं नाही. बेहड्याचं कवच टणक, ते आधी भिजवा. मुरमाड उतारावर अंजनच लावा, आपल्या खान्देशचंच झाड ते! आमच्याकडं मात्र गिरिपुष्पाचं, म्हणजे ग्लिरिसिडिया या परदेशी झाडाचं, बी वाटलं गेलं, फार वाईट वाटलं. साक्री तालुक्यातल्या बारीपाडा गावानं कुऱ्हाडबंदी, चराईबंदी पाळली म्हणून तिथलं जंगल परत आलं. त्यामुळं बी टाकलेल्या जागी निदान दोन पावसाळे शेळ्या जाऊ देऊ नका.