त्या पहिल्या ३ सेकंदांबद्दल

नमस्कार. वाशीहून तुम्ही लिहिलंय, "सूचना मागवणं हा निव्वळ देखावा. नियम दिल्लीत आधीच ठरलेले असतात. तुम्ही मेल पाठवून स्वतःची समजूत काढता, वर वाचकांनाही कामाला लावता." झोंबलं, कारण अर्धं खरं आहे.

एआयने बनवलेल्या मजकुराला 'हे एआयचं आहे' असं लेबल लावायच्या नियमांचा केंद्र सरकारचा मसुदा आला २२ ऑक्टोबर २०२५ ला, ऐन पाडव्याला! सूचना पाठवायची मुदत ६ नोव्हेंबर; ती नंतर जेमतेम आठवडाभर वाढली. केंद्राचंच २०१४ चं धोरण म्हणतं, लोकांना निदान ३० दिवस द्या. मराठीत मसुदा नव्हताच.

आता माझं. नौपाड्यात माझा छोटा स्टुडिओ आहे. त्याच दिवसांत एका फरसाणवाल्याची इन्स्टाग्रामसाठी ३० सेकंदांची जाहिरात करत होतो. आवाज देणाऱ्या ताईंचा घसा बसलेला, 'खुसखुशीत' काही केल्या नीट येईना. तेवढा एक शब्द सॉफ्टवेअरने बनवून चिकटवला. मसुद्यात होतं, ऑडिओच्या पहिल्या १० टक्क्यांत लेबल हवं. म्हणजे पहिले ३ सेकंद गेले. दुकानाचं नाव नेमकं तिथेच! एआय मजकुराची व्याख्याही इतकी ऐसपैस की खालच्या रिक्षांचे हॉर्न पुसले तरी त्यात सापडू, अशी धास्ती. सूचना म्हणून मेलमध्ये एवढंच पानभर लिहिलं, नियमाचा क्रमांक घालून, आणि इंग्रजी भाचीकडून तपासून घेतलं. कायद्यावर प्रवचन नाही, साधा हिशोब.

फेब्रुवारी २०२६ मध्ये नियम पक्के झाले, तेव्हा १० टक्क्यांची अट गळली होती. नेहमीचं, सरळ हेतूने केलेलं एडिटिंगही व्याख्येबाहेर काढलं होतं. माझ्या मेलमुळे? छे! मोठ्या कंपन्यांच्या संघटनांनीही जोर लावला होता. पण 'आधीच ठरलेलं' असतं, तर एवढं तरी कशाला हललं असतं?

तुमच्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा मात्र तुम्ही मांडलाच नाहीत. कोर्टाचा किंवा सरकारचा आदेश आल्यावर इन्स्टाग्रामसारख्यांनी मजकूर काढायची मुदत पक्क्या नियमांत ३६ तासांवरून ३ तासांवर आणली, आणि हे मसुद्यात नव्हतंच. जे विचारलंच नाही, त्यावर लिहिणार काय? त्या दिवशी मीही तुमच्याइतकाच वैतागलो होतो.

राहिलं कामाला लावण्याचं. त्या मेलला मला एक संध्याकाळ लागली. तुम्ही डिझाइनचं काम करता म्हणालात. मसुद्यात चित्राचाही १० टक्के भाग लेबलला द्यायचा होता. तुमच्या एखाद्या पोस्टरवर तेवढी पट्टी कुठे बसली असती, सांगाल?