शूमाकरचं हेल्मेट आणि अक्काचा फॉरवर्ड

आमच्या घराण्यात आजवर कुणी बर्फ पाहिला असेल, तर तो रसवंतीवर गोणपाटाखाली झाकून ठेवलेला. त्यामुळं उदगीरच्या अक्काची लेक जानेवारीत उत्तराखंडात औलीला स्कीइंगच्या, म्हणजे पायांना लांब पट्ट्या (स्की) लावून बर्फाच्या उतारावरून घसरायच्या, कोर्सला जाणार म्हटल्यावर घरात सगळ्यांनाच एकदम हिमालयातलं कळायला लागलं. मी गप्प होतो. पण परवा अक्कानं फॅमिली ग्रुपवर एक लांबलचक फॉरवर्ड टाकला. वर लाल अक्षरांत ‘सावधान’, खाली ‘जनहितार्थ’ आणि हात जोडलेली तीन चित्रं. रात्री भाचीचा फोन आला, "मामा, आई म्हणती हेल्मेट घ्यायचं नाही. मान मोडती म्हणं."

मग मात्र मला राहवलं नाही. हाच फॉरवर्ड लातुरात स्टाफरूममध्ये दोघांच्या फोनवर सापडला. एकाला नांदेडहून आला होता, एकाला परळीहून. म्हणजे गावोगाव फिरतोय.

फॉरवर्डचं म्हणणं थोडक्यात असं. फॉर्म्युला वन मोटारशर्यतींचा चॅम्पियन मायकेल शूमाकर यानं स्कीइंग करताना हेल्मेट घातलं होतं, तरी तो पडून कोमात गेला, म्हणजे हेल्मेट निरुपयोगी. हेल्मेटच्या वजनानं मान मोडते. बर्फ मऊ असतो, शिकाऊ माणसाला सौम्य उतारावर काही होत नाही. पडल्यावर माणूस उठून नीट बोलला की धोका टळला, उगं डॉक्टरकडं धावू नये. हेल्मेट घालणाऱ्यांचं प्रमाण वाढलं तरी स्कीइंगमधले मृत्यू कमी झाले नाहीत. शिवाय ऐकू येत नाही, दिसत नाही, केस गळतात, आणि हे सगळं कंपन्यांचं कारस्थान आहे. शेवटी खरी मेख: मोटारसायकलचंही तसंच, सबब हेल्मेटसक्तीला विरोध करा.

मी अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवतो, डॉक्टर नाही. पण एवढ्यातलं बरंचसं उलगडायला अकरावीचं फिजिक्स पुरतं.

आधी शूमाकर, कारण अक्काला सगळ्यात जास्त तेच पटलंय. ("एवढा सात वेळचा चॅम्पियन, त्याला नाही वाचवलं, आपल्या लेकराला काय वाचवणार?") २९ डिसेंबर २०१३ ला फ्रान्समध्ये मेरिबेलला तो घसरत होता. आखून दिलेल्या दोन उतारांच्या मधल्या, साफ न केलेल्या पट्ट्यात शिरला. बर्फाखालच्या खडकाला स्की अडली आणि तो डोक्यावर दुसऱ्या खडकावर आपटला. हेल्मेट होतं, हे खरं. मेंदूला गंभीर इजा झाली, हेही खरं. पण फॉरवर्ड जिथं थांबतो तिथंच पुढची गोष्ट सुरू होते. दुसऱ्या दिवशी ग्रेनोबलच्या रुग्णालयातल्या डॉक्टरांनी पत्रकारांसमोर सांगितलं, की असा अपघात हेल्मेटशिवाय झाला असता तर तो इथपर्यंत पोचलाच नसता. म्हणजे ज्या माणसाचं नाव घेऊन हेल्मेट टाकून द्यायला सांगतायत, त्याच्यावर उपचार करणारेच उलटं सांगत होते. छत्री असून पाय भिजले म्हणून पुढच्या पावसात छत्री घरी ठेवायची का?

आता मानेचं. स्कीइंगचं हेल्मेट अर्धा किलोच्या आसपास भरतं. आमची आई उन्हाळ्यात गावातला आड आटला की मळ्यातल्या विहिरीवरून डोक्यावर दोन घागरी आणि काखेत एक कळशी घेऊन यायची. तिची मान कधी मोडली नाही, आणि हे अक्कानं स्वतः पाहिलंय, चुंबळ तिच्याच हातची असायची. पण हे झालं तोंड बंद करण्यापुरतं. चुंबळीवरचं ओझं स्थिर असतं, अपघातात झटका बसतो, त्यामुळं शंका अगदीच खुळी नाही. १९८०च्या दशकात अमेरिकेत मोटारसायकलच्या हेल्मेटबद्दल असा दावा अभ्यासातूनही झाला होता. पुढं तो टिकला नाही. २०११ साली तिथल्याच अपघातग्रस्तांच्या राष्ट्रीय नोंदींतली चाळीस हजारांवर माणसं तपासली, तेव्हा हेल्मेटवाल्यांच्या मानेच्या मणक्याला इजा होण्याची शक्यता २२ टक्क्यांनी कमीच निघाली. बर्फावरचं म्हणाल, तर कॅनडातल्या संशोधकांनी २०१० मध्ये बारा अभ्यास एकत्र करून पाहिले. डोक्याची इजा ३५ टक्क्यांनी कमी, मानेची वाढल्याचा पुरावा नाही. मानेचा विषय माझ्यापुरता संपला.

पण मला खरा संताप आला तो मऊ बर्फाच्या आणि उठून बोलण्याच्या मुद्द्यांचा. बाकीचे चुकीचे आहेत, हे दोन जीव घेणारे आहेत.

बर्फ मऊ असतो हे कुणी सांगितलं? गोळेवाल्याचा भुगा मऊ असतो. कारखान्यातून येणारी लादी कुणी डोक्यावर आपटून बघितलीय का? स्कीइंगच्या उतारावरचं हिम यंत्रानं दाबून सपाट केलेलं असतं. दुपारी वरचा थर वितळतो, रात्री गोठतो, आणि सकाळी पहिल्या बॅचला जे मिळतं ते लादीच्या जातीचं असतं. वेगाचं म्हणाल, तर वेग लागतच नाही. दीड मीटर उंचीवरून डोकं सरळ खाली आलं तरी टेकताना त्याचा वेग ताशी २० किलोमीटरच्या जवळ जातो. वर्गात दरवर्षी हे गणित मी सोडवून घेतो. उभ्याउभ्या पाय निसटून मागं पडलेल्या शिकाऊ पोरीचं डोकं एवढ्या वेगानं आपटू शकतं. उघडी कवटी कडक पृष्ठभागावर दोन-तीन मिलिमीटरात थांबते. हेल्मेटच्या आतलं अस्तर म्हणजे थर्माकोलचा भाऊबंदच. ते चेपतं आणि डोक्याला थांबायला दोनेक सेंटिमीटर देतं. थांबायला जागा सात ते दहा पट मिळाली की झटका तितक्याच पटीनं कमी. जादू नाही, कारस्थानही नाही. म्हणूनच एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून कितीही चकचकीत दिसलं तरी बाद समजायचं. चेपलेलं थर्माकोल परत फुगत नाही.

आणि ‘सौम्य उतारावर काही होत नाही’ म्हणणाऱ्यांनी नताशा रिचर्डसन ही बाई कोण होती ते बघावं. इंग्लंडची नावाजलेली नटी, लियाम नीसन या नटाची बायको. १६ मार्च २००९, कॅनडातलं माँ ट्रॅम्ब्लां. शिकाऊ लोकांचा उतार, सोबत प्रशिक्षक, डोक्यावर हेल्मेट नाही. पडली, उठली, हसली, बोलली. बोलावलेली ॲम्ब्युलन्स परत पाठवली. तासाभरात डोकं दुखायला लागलं. १८ मार्चला ती गेली. वय ४५.

यात गूढ काही नाही. कानशिलाजवळचं हाड पातळ असतं आणि त्याच्या आतून एक रक्तवाहिनी जाते. हाडाला तडा गेला की ती फाटते, कवटी आणि मेंदूवरच्या आवरणाच्या मधे रक्त साठत जातं. सुरुवातीला जागा असते, म्हणून माणूस बोलतो, चालतो, चहा पितो. जागा संपली की मेंदू दाबला जातो. डोकेदुखी वाढते, उलटी होते, झोप अनावर येते. वेळेत स्कॅन करून ते रक्त काढलं तर माणूस बऱ्याचदा बरा होतो. वेळ गेली की गेली. म्हणजे ‘नीट बोलतोय ना, मग काही नाही’ हे वाक्य नेमकं त्या वेळेचाच बळी घेतं.

आपल्याकडं हे वाक्य किती वेळा ऐकलंय! गाडी स्लिप होते, लोक धरून उठवतात, हॉटेलच्या बाकड्यावर बसवून पाणी पाजतात, कुणीतरी विचारतं "नाव काय बाप्पा तुझं?" आणि तो नाव सांगतो. झालं, पास. घरी नेऊन झोपवतात. आमच्या गल्लीतला एकजण असाच झोपला होता. त्याच्या बायकोला उलटीचा आवाज ऐकू आला म्हणून वाचला. सहा महिन्यांनी दुकानावर बसायला लागला, पण अजून त्याला गिऱ्हाईकाचा हिशोब दोनदा करावा लागतो. इथं निदान तासाभरात लातूर गाठता येतं. औली जोशीमठच्या वर आहे आणि जोशीमठहून ऋषिकेशपर्यंत अडीचशे किलोमीटरचा घाट आहे. तिथं ‘बघू सकाळी’ म्हणून चालत नाही.

आता एक गोष्ट मान्य करायला लागते, जिवावर येतं तरी. हेल्मेट वाढली तरी स्कीइंगमधल्या मृत्यूंचा आकडा म्हणावा तसा खाली आला नाही, हे फॉरवर्डमधलं एकमेव वाक्य अर्धं खरं आहे. अमेरिकेतले जाणकारही तेच सांगतात. कारण तिथं मरणारे बहुतेक भरधाव येऊन झाडावर आदळतात. हेल्मेटची चाचणी ताशी २० किलोमीटरच्या आसपासच्या आघाताची असते. चाळीस-पन्नासच्या वेगानं देवदारावर गेलेल्या माणसाला ते कितीसं वाचवणार? छाती, पोट, मान तर उघडीच. मेंदू कवटीत गदगदून होणारी इजाही ते पूर्ण थांबवत नाही. पण यावरून ‘हेल्मेट नको’ कसं निघतं? ‘झाडांकडं भरधाव जाऊ नको’ एवढं निघतं. आणि मृत्यू सोडून मधे काही नसतंच का? नॉर्वेतल्या आठ केंद्रांवर २००२ च्या हंगामात जखमी झालेले ३,२७७ जण आणि जखमी न झालेले २,९९२ जण यांची तुलना झाली. २००६ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात ती छापून आली. हेल्मेटवाल्यांत डोक्याच्या इजेची शक्यता ६० टक्क्यांनी कमी. मला अख्ख्या वादात दुसरं काही सांगायची मुभा नसती, तर मी एवढंच सांगितलं असतं. जखमींतल्या दर सहांतल्या एकाला तरी डोक्यालाच लागलेलं होतं, हेही त्यातच आहे.

बाकीचं झटपट. ऐकू येतं, कानावरची टोपी जेवढं अडवते तेवढंच अडतं. दिसतंही, कारण स्कीइंगचं हेल्मेट समोरून उघडं असतं. केसांबद्दल मी बोलत नाही, माझे हेल्मेटच्या आधीच गेलेत. कंपन्यांना पैसे मिळतात हे खरं, चपलेच्या कंपनीलाही मिळतात म्हणून कुणी मे महिन्यात गंजगोलाईच्या बाजारात अनवाणी फिरत नाही.

आणि ती शेवटची मेख, मोटारसायकलची. ४३ डिग्रीत हेल्मेट नको वाटतं हे मला कळतं, मीही दस्ती बांधून गाडी हाकलेला माणूस आहे. पण केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालात २०२२ या एका वर्षात हेल्मेट न घालता मेलेल्यांचा आकडा ५०,०२९ आहे. त्यात मागं बसलेले चौदा हजारांवर. आमचे भाऊजी हेल्मेट घेतात, आणि आरशाला अडकवून ठेवतात. पोलीस दिसला की डोक्यावर, वळण संपलं की आरशावर. आरसा अगदी सुरक्षित आहे त्यांचा.

तर भाचे, आता तुझ्याशी. गुडघे आणि अंगठे हेल्मेट सांभाळत नाही, आणि स्कीइंगमध्ये सगळ्यात जास्त गुडघाच जातो. बूट स्कीला धरून ठेवणारी पकड तुझ्या वजनाप्रमाणं लावून घे, म्हणजे पडताना स्की सुटेल. तोल गेलाच तर मागं ढुंगणावर बसू नको, कडेला कलंड. घसरत असताना उठायला जाऊ नको, थांबल्यावर ऊठ. डोक्याला लागलं तर प्रशिक्षकाला लगेच सांग, बरं वाटत असलं तरी, आणि त्या रात्री खोलीवर एकटी झोपू नको.

भाऊजींचं मोटारसायकलचं हेल्मेट मात्र बॅगेत भरू नको. अक्काचा तोडगा आता तोच निघालाय, "घ्यायचंच तर घरचं घे". ते जड आहे, काचेवर वाफ धरेल, आणि वाणी सांगतो तसं ‘एकच माल’ नसतो. बर्फाचं वेगळं मिळतं, भाड्यानंही चालेल, फक्त तडा नाही ना ते बघ. मापाचं विचारलं होतंस: भुवयांच्या वर बोटभर जागा सोडून डोक्याभोवती टेप फिरव आणि सेंटिमीटर मला पाठव. टेप आईच्या शिलाई मशीनच्या डाव्या खणात असतो, बॉबिनच्या डबीखाली.