म्हणे सकाळी खोकं उघडा, संध्याकाळी टेकडीवर उडवा!

भाच्याने परवा व्हॉट्सअ‍ॅपवर एक मजकूर पाठवला आणि खाली लिहिलं, "मामा, खरंय का हे? मी बुक करतोय." मजकूर असा: 'मोठं इलेक्ट्रिक मॉडेल विमान आता कुणीही करू शकतं. किट ९० टक्के तयार येतं. सकाळी खोकं उघडा, संध्याकाळी टेकडीवर उडवा. मोटर जितकी मोठी तितकं उड्डाण चांगलं. इंजिन नाही, पेट्रोल नाही, म्हणजे धोका नाही. एका चार्जमध्ये अर्धा तास. परवानगी ड्रोनला लागते, विमानाला नाही.' त्याच्याआधी हाच मजकूर मला तिघांनी पाठवला होता. त्यातल्या एकाने आयुष्यात पतंगही उडवलेला नाही.

भाच्याच्या डोळ्यासमोर आहे ते रिमोटवर उडणारं विमान असं: पंखांची लांबी ८८ इंच, उडताना वजन सात किलो, बॅटरी बारा सेलची. त्याच मापाचं एक आमच्या कोथरूडच्या घरात दिवाण अडवून बसलेलं आहे, म्हणून उत्तर त्याच मापाने देतो.

'किट ९० टक्के तयार.' सांगाडा लेझरने कापून चिकटवलेला असतो, वर कव्हरिंगही (प्लास्टिकची पातळ फिल्म) ताणून बसवलेलं असतं, हे खरं. पण राहिलेल्या दहा टक्क्यांत काय येतं? बिजागऱ्या, सर्व्हो (पंख-शेपटीचे भाग हलवणाऱ्या छोट्या मोटरी), हॉर्न (सर्व्होची दांडी त्या भागांना जिथे जोडतात ती शिंगं), मोटर, चाकांचा पाया. म्हणजे विमानात जे जे हलतं आणि जिथे जिथे जोर येतो, ते सगळं. आणि जे 'तयार' म्हणून येतं तेही तपासावं लागतं. माझ्या किटचा मोटरबॉक्स, म्हणजे मोटर जिच्यावर बसते ती पेटी, बाहेरून देखणा होता. अंगठ्याने दाबला तर एका कोपऱ्यातून बारीक करकर आवाज आला. आत टॉर्च मारून पाहिलं, तर दोन सांध्यांत गोंदाचा थेंबसुद्धा नव्हता. त्या सांध्यांवर मोटरची सगळी ओढ येणार होती. किट कुणाचं ते सोडा, ही गत बऱ्याच किटांची असते. मी सगळे कोपरे तीस मिनिटवाल्या इपॉक्सीने पुन्हा भरले, आतून त्रिकोणी बाल्साच्या पट्ट्या लावल्या आणि दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावला नाही. तीस मिनिटं हा इपॉक्सी कालवल्यावर काम करायला मिळणारा वेळ असतो, सांध्याला पुरती ताकद यायला रात्र जाते. पाच मिनिटांचं इपॉक्सी अशा जागी मी वापरत नाही. घाईच्या कामाला ते ठीक, मोटरबॉक्सला नाही.

शेपटी चिकटवायची असेल तिथलं कव्हरिंग आधी काढावं लागतं, कारण गोंद लाकडाला धरतो, प्लास्टिकला नाही. नवखा माणूस इथे कटर फिरवतो. कटरची रेघ खालच्या बाल्सात उतरते आणि महिन्या-दोन महिन्यांनी शेपटी नेमकी त्याच रेघेवर मोडते. गरम सोल्डरिंगच्या टोकाने कव्हरिंग वितळवत न्यायचं, लाकडाला धक्का लागत नाही. त्यानंतर बिजागऱ्या. प्रत्येक बसली की तिच्यावर हलणारा भाग धरून चांगली ओढून बघायची. इथे हात हलका ठेवण्यात अर्थ नाही, हवा तुमच्याहून जोरात ओढणार आहे. धातूत जाणाऱ्या प्रत्येक बोल्टला थ्रेडलॉकरचा (बोल्ट सैल होऊ न देणाऱ्या द्रवाचा) थेंब. किटमधले स्क्रू मला पसंत पडले नाहीत, म्हणून बोहरी आळीत जाऊन चांगले बोल्ट आणि वॉशर आणले, त्यात एक दुपार गेली. एकूण माझ्या अकरा संध्याकाळी गेल्या, आणि मी हे पहिल्यांदा करत नव्हतो.

'मोटर जितकी मोठी तितकं चांगलं.' मजकुरातलं सगळ्यात खर्चिक वाक्य हेच. मोटर स्वतःहून ताकद देत नाही, प्रॉप (तिच्यावरचा पंखा) मागतो तेवढी ती ओढते. मोटरवर केव्हीचा आकडा लिहिलेला असतो, म्हणजे भार नसताना एका व्होल्टला मिनिटाला किती फेरे. मोठ्या विमानाला कमी केव्हीची मोटर आणि मोठा प्रॉप लागतो. फेरे आणि पिच (पात्यांचा तिरकेपणा) तेच ठेवून प्रॉपचा व्यास वाढवला, तर लागणारी शक्ती साधारण व्यासाच्या चौथ्या घाताने वाढते. २० इंची काढून २२ इंची लावला की करंट जवळजवळ दीडपट. ६५ अँपिअर जिथे चालत होते तिथे ९५, आणि मोटरला वीज मोजून देणारा स्पीड कंट्रोलर ८० चा. प्रत्यक्षात फेरे थोडे उतरतात म्हणून आकडा काहीसा कमी येईल, पण कंट्रोलर जळायला तेवढाही पुरतो. साध्या कसरतींना सात किलोच्या विमानाला दोन हजार वॉट पुरतात. वॉटमीटर लावा, विमान घट्ट बांधा, थ्रॉटल पूर्ण द्या आणि आकडा वाचा. खोक्यावरचा आकडा वाचून भागत नाही.

शिवाय खोक्यावरचे आकडे पुण्याच्या मे महिन्यासाठी लिहिलेले नसतात. पुणं समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच. त्यात पारा ३८ वर गेला की हवा प्रमाण घनतेपेक्षा सुमारे १३ टक्के विरळ होते. प्रॉपची ओढ घटते आणि विमान तरंगत राहायला लागणारा किमान वेग सात-एक टक्क्यांनी वाढतो. उतरताना नेहमीच्या सवयीने वेग कमी केला तर एका बाजूचा पंख एकदम खाली कलतो. हे मी शिकलो ते चाकांचा पाया मोडून, दोष संपूर्ण माझा.

'इंजिन नाही म्हणजे धोका नाही.' प्रॉपमध्ये काही अडकलं तर इंजिन बंद पडण्याची शक्यता तरी असते. मोटर उलट जास्त करंट घेऊन जोर लावते, आणि सुरू होताना खोकतसुद्धा नाही. म्हणून प्रॉप सगळ्यात शेवटी. सर्व्होंची दिशा, थ्रॉटल, फेलसेफ (सिग्नल तुटला की मोटर आपोआप थांबणं) हे सगळं प्रॉपशिवाय तपासायचं. ट्रान्समीटर बंद केला की मोटर थांबलीच पाहिजे. पूर्ण भरलेला सेल ४.२ व्होल्टचा, बारांचे ५०.४ होतात. एवढ्या व्होल्टेजला साधा कनेक्टर जोडला की टचकन ठिणगी उडते आणि टोकं जळतात, म्हणून ठिणगी रोखणारा कनेक्टर हवा. दोन सहा-सेली पॅक एकापुढे एक जोडायचे तर क्षमता आणि वय दोन्ही सारखं असावं, नाहीतर अशक्त पॅक आधी रिकामा होतो आणि मरतो. ठेवून द्यायचे तर प्रत्येक सेल ३.८ च्या आसपास. उन्हात उभ्या गाडीत या लायपो (लिथियम-पॉलिमर) बॅटऱ्या कधीच नाहीत. बारा सेलच्या अनेक कंट्रोलरमध्ये रिसीव्हरला (विमानात बसून ट्रान्समीटरचे आदेश घेणाऱ्या यंत्राला) वीज देण्याची सोय नसते, म्हणून त्याला वेगळी बॅटरी. ती विसरणारे निघतातच.

'अर्धा तास.' गणित करू. ४४.४ व्होल्ट गुणिले ५ अँपिअर-तास म्हणजे २२२ वॉट-तास. त्यातले ८० टक्केच वापरायचे, उरले १७८. सरासरी दीड हजार वॉट धरले तर सात मिनिटं.

इलेक्ट्रिकची एक खरी सोय मात्र मजकुरात आलीच नाही. पेट्रोलची टाकी रिकामी होत जाते तसा सीजी, म्हणजे विमानाचा गुरुत्वमध्य, सरकतो. बॅटरी संपली तरी तिचं वजन तेवढंच, त्यामुळे सीजी जिथे लावला तिथेच राहतो. तो लावायचा बॅटरी आत, कॅनपी (वरचं झाकण) बसवून आणि प्रॉप लावून. सात किलो दोन बोटांवर तोलायला जाऊ नका, दुसरा माणूस किंवा स्टँड घ्या. पुस्तिकेत सीजीची मर्यादा दिली असेल तर पहिलं उड्डाण सीजी तिच्या पुढच्या टोकाला ठेवून.

राहिली परवानगी. २०२१ च्या ड्रोन नियमांत २५ किलोपर्यंतच्या, नजरेच्या टप्प्यात, हौसेखातर उडवल्या जाणाऱ्या मॉडेलला टाइप सर्टिफिकेटची सक्ती नाही. मजकूर लिहिणाऱ्याने बहुधा इथवरच वाचलं असावं. कुठे परवानगी लागते ते सांगणारा आकाशाचा नकाशा मात्र मॉडेललाही लागू आहे. विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आत जमिनीपासूनच परवानगी हवी, ८ ते १२ किलोमीटरमध्ये २०० फुटांच्या वर. लोहगाव विमानतळाभोवती कंपास फिरवून पाहा, किती पुणं आत येतं. आणि टेकडी! तिथे सकाळ-संध्याकाळ निम्मं शहर चालायला आलेलं असतं. त्यांच्या डोक्यावरून सात किलो नेण्याचा विचारही नको.

भाचा राहतो विमाननगरला, विमानतळाला लागूनच. नकाशा पाहून थोडा वेळ गप्प बसला आणि मग बुकिंग केलंच. उडवायला आम्ही जातो त्या माळावर येईल, गाडीने सव्वा तास. जोडायला खोकं माझ्याकडे आणणार आहे. आमच्या लिफ्टमध्ये ते तिरकं तरी बसतंय का, ते आधी मोजून घे म्हटलंय.