उणे सात, उणे आठ

न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी माणसाच्या वाट्याला अटलांटिक सिटी कधी ना कधी येतेच. भारतातून आलेले पाहुणे समुद्र बघतात, आपण पार्किंग शोधतो. मग कॅसिनोत शिरायचं, ठरवून आणलेले वीस डॉलर मशिनला खाऊ घालायचे आणि ‘हेही बघून झालं’ म्हणत परतायचं. पण ब्लॅकजॅकच्या टेबलाशी रेंगाळताना कुणीतरी मला सांगितलं की, पानांची बेरीज एकवीसच्या पुढे न जाऊ देता पानं वाटणाऱ्या डीलरपेक्षा जास्त करायचा हा पत्त्यांचा खेळ नीट अभ्यास केला तर जिंकता येतो. जुगाराची मला भीती वाटते, अभ्यासाची नाही. बोर्डात आलो नव्हतो, पण तयारी त्याच बेताची केली होती. लगेच सरावाचं ॲप उतरवून घेतलं.

तत्त्व अगदी सोपं आहे: निघालेली पानं डोक्यात मोजत राहायचं. दुर्रीपासून छक्कीपर्यंत कुठलंही पान निघालं की अधिक एक. सत्ती, अठ्ठी, नव्वी म्हणजे शून्य. दश्शीपासून एक्क्यापर्यंत उणे एक. हार्वी डबनर नावाच्या गृहस्थांनी १९६३ मध्ये मांडलेली ही रीत. त्याआधी एडवर्ड थॉर्प या गणितज्ञाने एमआयटीतल्या आयबीएम ७०४ संगणकाला कामाला लावून हिशेब केला होता की, बारकी पानं निघून गेली की उरलेला गठ्ठा खेळणाऱ्याच्या बाजूने झुकतो. मोठी पानं जास्त उरली की ब्लॅकजॅक, म्हणजे पहिल्या दोनच पानांत एकवीस, लागण्याची शक्यता वाढते आणि त्याचे दीडपट पैसे मिळतात. शिवाय डीलर नियमाने बांधलेला. हातात सोळा असले तरी त्याला पान घ्यावंच लागतं, आणि मोठं आलं की तो एकवीसच्या पलीकडे जाऊन बुडतो. तेव्हा आकडा चढला की पैसे वाढवायचे, उतरला की कमीत कमी लावायचे. समजायला एक चहा पुरतो.

जमायला मात्र रक्त आटतं. ॲपवर हिरवं टेबल उमटतं आणि पानं सटासट पडू लागतात. राजा, पंजी, म्हणजे शून्य. तिर्री, चौकी, म्हणजे दोन. राणी, एक. नव्वी, एकच. गुलाम, एक्का, दश्शी... आणि इथे बायको विचारते, “अरे, दूध संपलंय का?” उणे दोन! म्हणजे दूध नाही, पानं. अख्खा कॅट अर्ध्या मिनिटात मोजून व्हायला हवा म्हणतात. बावन्न पानांत वीस छोटी आणि वीस मोठी, त्यामुळे शेवटी बरोबर शून्यावर यायचं. मी बरेचदा उणे सातला टेकतो. ॲप लाल फुली दाखवून फोन थरथरवतं. फोनसुद्धा माझ्यावर वैतागलाय असं वाटतं.

न्यूयॉर्कला जाणाऱ्या सकाळच्या गाडीत सराव करतो. तिथे अडचण ओठांची. लहानपणी पाढे म्हणत मोठे झालेल्या माणसाला मुकाट्याने मोजताच येत नाही. शेजारच्या एका काकांनी माझं पुटपुटणं बराच वेळ ऐकलं आणि भक्तिभावाने विचारलं, “रोज किती माळा करता?” पुढे ते मला खिडकीची जागा देऊ लागले. कॅसिनोत हेच ओठ हलले की वरचा कॅमेरा टिपणार. तिथे आपण श्रीमंत, निष्काळजी आणि किंचित प्यायलेले दिसायचं असतं. मला यातलं एकही जमत नाही.

त्यात खेळ एका कॅटचा नसतोच; सहा कॅट एकत्र पिसतात, ३१२ पानं. म्हणून आपल्या आकड्याला उरलेल्या कॅटांनी भागायचं. अधिक नऊ झालेत आणि तीन कॅट उरलेत, तर खरा आकडा तीन. उरलेले कसे कळणार? टाकलेल्या पानांची चवड नजरेने जोखून. ॲप त्यासाठी चवडींचे फोटो दाखवतं. आता पोळ्यांचा डबा उघडला तरी मी आधी ‘अडीच कॅट’ म्हणतो आणि मग वाढून घेतो.

सहा महिन्यांसाठी आलेली आई हे सगळं चष्म्यावरून बघत होती. तिचा उभा जन्म मेंढीकोटात गेलाय. एका दुपारी तिने फोन हातात घेतला, थोडा वेळ पाहिलं आणि म्हणाली, “म्हणजे दश्श्या किती गेल्या तेच बघायचं ना?” मी म्हटलं, “तसंच काहीसं, पण वीस पानांचं.” “मग एवढा घाम कसला गाळतोस?” म्हणून तिने भाजी निवडता निवडता कॅट मोजला. शून्यावर आली. ओठ हलले नाहीत. मी ॲपचा वेग वाढवला, तिने मेथीचा.

कायद्याचं काय, ही काळजी आईला. डोक्यात मोजणं गुन्हा नाही. उलट न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये केन उस्टन या खेळाडूच्या खटल्यात निकाल दिला की, मोजतो म्हणून कॅसिनोला आपल्या मनाने त्याला बाहेर काढता येणार नाही. यंत्राची मदत घेतली तर मात्र भानगड. नेवाडात १९८५ पासून तशी बंदी आहे, आणि २००९ मध्ये आयफोनवरच्या अशाच एका ॲपबद्दल तिथल्या नियामकांनी कॅसिनोंना सावध केलं होतं. म्हणजे ज्या गुरूकडून शिकलो त्याला परीक्षेला घरी ठेवून जायचं. कॅसिनोही स्वस्थ बसत नाहीत. कुठे पानं सतत पिसत राहणारं यंत्र बसवतात, मग मोजणी संपली; कुठे दीडपटीऐवजी पाचास सहा देतात, मग मोजूनही हातात फारसं काही राहत नाही.

बायकोने एकच प्रश्न विचारला, “तासाला किती सुटतात?” कागद घेऊन बसलो. काही चुकलं नाही तर खेळणाऱ्याची सरशी एक टक्क्याच्या आसपास. तासाला साठ डाव, डावाला सरासरी पंचवीस डॉलर. पंधराशे डॉलर फिरवायचे, त्यावर एक टक्का म्हणजे पंधरा डॉलर. तेही हजारो डावांची सरासरी. एखाद्या संध्याकाळी पाचशे घालवूनही घरी येऊ. टोल, पेट्रोल, पार्किंग वेगळं. न्यू जर्सीचं किमान वेतन २०२५ मध्ये तासाला १५ डॉलर ४९ सेंट होतं. म्हणजे कॅसिनोबाहेर समुद्राकाठच्या बोर्डवॉकवर फ्राइज विकणाऱ्या पोराला तेव्हाही माझ्यापेक्षा ४९ सेंट जास्त मिळत होते, आणि त्याला ओठ हलवायची मुभा आहे.