खबऱ्याला काय दिलं?

‘गुप्त बातमीदारामार्फत खात्रीलायक माहिती मिळाली.’ बातमीत हे वाक्य आलं की आपण पटकन पुढच्या ओळीवर जातो, किती माल पकडला, कितीजण आत गेले. त्या बातमीदाराने तोंड का उघडलं आणि त्याच्या कोणत्या भानगडीकडे काणाडोळा झाला, हे कुणी विचारत नाही.

खबऱ्यांशिवाय पोलिसांचं चालत नाही, मान्य. टोळीत काय शिजतंय हे टोळीतलाच माणूस सांगणार, सज्जन शेजारी नाही. पण त्यामुळे न्याय उलटा होतो. ज्याच्याकडे जास्त नावं, त्याला जास्त सूट. मुरलेला गुन्हेगार सौदा करून सुटतो आणि कुणालाच न ओळखणारं नवखं पोरगं पूर्ण शिक्षा भोगतं.

अमेरिकेत बॉस्टनचा टोळीप्रमुख व्हाइटी बल्जर हे याचं टोक. १९७५ पासून एफबीआयच्या दफ्तरी तो खबरी. इटालियन माफिया हे त्याचे धंद्यातले प्रतिस्पर्धी, त्यांची माहिती पुरवली की आयताच काटा निघायचा! त्याला सांभाळणारा एजंट जॉन कॉनली त्याच्याविरुद्ध कोण बोलतंय हेही त्याच्या कानावर घालायचा. बोलणाऱ्यांचे मुडदे पडले. १९९४ च्या अखेरीस अटक होणार ही टीपसुद्धा कॉनलीनेच दिली, आणि बल्जर पसार. सापडला थेट २०११ मध्ये. २०१३ मध्ये ११ खुनांतला त्याचा सहभाग कोर्टात सिद्ध झाला. आता सांगा, यात खबरी नक्की कोण कुणाचा?

हा झाला बडा मासा. २००८ मध्ये फ्लोरिडातल्या टॅलाहासीत २३ वर्षांची एक तरुणी किरकोळ ड्रग्जसह सापडली. पोलिसांनी तिला १३,००० डॉलर देऊन ड्रग्ज आणि पिस्तूल विकत घ्यायला पाठवलं. प्रशिक्षण काही नाही. पाळतीवरच्या पथकाला ती मध्येच दिसेनाशी झाली आणि विकणाऱ्यांनी तिला गोळ्या घातल्या. पोलिसांनी स्वतः जे काम साध्या वेशातल्या अनुभवी माणसाकडून करून घ्यायला हवं होतं, ते तिच्या गळ्यात मारलं. पुढच्या वर्षी तिच्या नावाने कायदा झाला. खबरी व्हायला सांगितलेल्या व्यक्तीने मागणी केल्यास वकिलाचा सल्ला घेऊ द्यायचा, एवढी साधी गोष्टसुद्धा त्यात लिहावी लागली.

ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया पोलिसांनी तर आरोपींच्या वकिलालाच, निकोला गोब्बोला, खबरी केलं. २०२० च्या चौकशी आयोगाने म्हटलं की १,०११ जणांच्या खटल्यांवर त्याची सावली असू शकते. काही शिक्षा रद्दही झाल्या. म्हणजे पकडलेलेही हातचे गेले.

खबऱ्यांची नावं जाहीर करा असं मी म्हणत नाहीये, नाव फुटलं तर तो जिवानिशी जाईल. पण त्याला पैसे किती दिले, कोणते गुन्हे सोडून दिले, याची लेखी नोंद हवी आणि ती पोलिसांबाहेरच्या माणसाने तपासायला हवी. आणि त्याच्या साक्षीवर कुणी तुरुंगात जाणार असेल, तर हा सौदा न्यायाधीश आणि बचावाच्या वकिलासमोर निकालाआधी आलाच पाहिजे.