आधी बल्ब, मग देव

आज समोरच्या फ्लॅटमधल्या काकांनी दारात आलेल्या दोन बायकांची जिरवली. नुसती जिरवली नाही, मोबाइलवर शूट करून लगेच ग्रुपवर टाकली. वर लिहिलं, ‘धर्म विकायला आल्या होत्या, दिला हिसका.’ खाली हसून डोळ्यांतून पाणी येणाऱ्या पिवळ्या तोंडांची रांग.

मी ती क्लिप पाहिली. काका आधी गोड आवाजात ‘या, या’ म्हणतात. बाई पिशवीतून पत्रक काढते. काका ते घेतात, तिच्यासमोर चार तुकडे करतात, जमिनीवर टाकतात आणि म्हणतात, ‘आता उचला आणि निघा.’ आणि ती बाई वाकून तुकडे उचलते हो. दुसरी पिशवी उघडून धरते, त्यात कागद टाकायला. यात विनोद कुठे आहे, ते मला कुणीतरी चित्र काढून समजावून सांगा.

आता लगेच कमेंटमध्ये येऊ नका की तू त्यांची बाजू घेतेस. मी कुणाची बाजू घेत नाही. न बोलावता बेल वाजवून मला माझ्या आत्म्याची काळजी करायला लावणारा माणूस मलाही नको असतो. मग तो आपल्या देवाचा असो, त्यांच्या देवाचा असो, नाहीतर देव नाहीच हे पटवून द्यायला आलेला असो. (हा तिसरा प्रकार सगळ्यात चिवट. एकदा सुरू झाला की त्याला थांबवायला देवच यावा लागतो.) मीटिंगमध्ये असताना, हाताला कणीक असताना, डोक्याला मेंदी असताना बेल वाजते, आपण धावत जातो आणि समोर हसरा चेहरा विचारतो, ‘जगात इतकं दुःख का आहे, कधी विचार केलाय?’ केलाय ना. आत्ताच करतेय.

पण चिडणं वेगळं आणि एखाद्याला वाकायला लावून त्याचा व्हिडिओ काढणं वेगळं.

विनोद कसा करतात ते माझ्या आत्याकडून शिकावं. आत्या शाळेत मराठी शिकवायची. रिटायर झाल्यावर एकटी राहायची आणि तिच्या पॅसेजमधला बल्ब गेला होता. वर हात पोचत नव्हता, वॉचमन ‘येतो येतो’ म्हणून येत नव्हता. अशात बेल वाजली. दारात दोन पोरं. इस्त्रीचे शर्ट, खांद्याला बॅगा, एक ताडमाड, एक बुटका. ताडमाड म्हणाला, ‘आजी, आम्ही तुम्हाला प्रकाशाबद्दल सांगायला आलोय.’

आत्या म्हणाली, ‘देवच पावला. स्टूल आतल्या खोलीत आहे.’

मी तेव्हा तिथेच होते, सोफ्यावर. ताडमाड स्टुलावर, बुटक्यानं स्टूल धरलेलं, आत्या खालून टॉर्च मारतेय आणि शाळेतल्या आवाजात सांगतेय, ‘डावीकडे फिरव. अरे तुझ्या डावीकडे!’ जुना बल्ब होल्डरमध्ये गच्च बसलेला. इतक्या दिवसांची धूळ त्या पोराच्या केसांत आणि टायवर पडली. शेवटी नवा बसला, आत्यानं बटण दाबलं, पॅसेज उजळला. बुटक्यानं ती संधी बरोबर साधली. म्हणाला, ‘आजी, येशूनं म्हटलंय, मीच जगाचा प्रकाश आहे.’

आत्या म्हणाली, ‘असेल बाबा. पण पॅसेजचा राहिला होता.’

ती दोघं हसली. खरी हसली, स्टुलावरचा पडता पडता वाचला. आणि मला नेमकं हेच म्हणायचंय. दारातला विनोद चांगला की वाईट हे मी एकाच गोष्टीवरून ठरवते, जाताना तो पाहुणाही हसतोय का. काकांच्या क्लिपमध्ये सगळा ग्रुप हसला आणि त्या दोघी तेवढ्या हसल्या नाहीत. मग ती दादागिरी झाली.

कुणी म्हणेल, सगळ्यांना आत्यासारखं सुचत नाही. बरोबर आहे, झोपमोड झाल्यावर तर मलाही सुचत नाही. मग ‘नको’ म्हणा आणि दार लावा. ‘नको’ म्हणायला काही लागत नाही. काकांनी दार उघडलं, गोड बोलले, मोबाइल आधीच कुठेतरी टेकवून ठेवलेला. म्हणजे यांना त्रास झालाच नव्हता! गिऱ्हाईक मिळालं होतं! दारात आलेला माणूस एकटा आहे, परक्या बिल्डिंगमध्ये आहे, उलट बोलणार नाही, हे पक्कं माहीत असताना दाखवलेलं हे शौर्य. मेंटेनन्सच्या मीटिंगला हेच काका शेवटच्या रांगेत बसून खाली बघत असतात, तेव्हा कुठे जातो यांचा हिसका?

असो. बीपीची गोळी घ्यायची आहे.

आणि कायदा करा, यांना गेटवरच अडवा म्हणणाऱ्यांसाठी एक किस्सा. अमेरिकेत ओहायो राज्यात स्ट्रदर्स नावाचं गाव आहे. तिथे पोलादाच्या कारखान्यांत रात्रपाळी करून पुष्कळ लोक दिवसा झोपायचे. त्यामुळे गावानं नियमच केला की पत्रकं वाटायला कुणी कुणाची बेल वाजवायची नाही. दारोदार प्रचार करणाऱ्या ‘यहोवाचे साक्षीदार’ या ख्रिस्ती पंथाच्या एका बाईंनी वाजवली, त्यांना दंड झाला, त्या थेट सुप्रीम कोर्टापर्यंत गेल्या आणि 1943 मध्ये कोर्टानं तो नियमच रद्द केला. कुणाचं ऐकायचं आणि कुणाला वाटेला लावायचं हे घरातल्यानं ठरवावं, गावानं परस्पर ठरवू नये, असं कोर्टाचं म्हणणं. मला हे एकदम पटतं. रात्रपाळीवाल्यांबद्दल वाईटही वाटतं, पण पटतं. माझ्या दाराला कडी आहे, फारच प्रॉब्लेम असेल तर ‘कृपया बेल वाजवू नये’ची पाटी लावता येते, आणि हे दोन्ही माझ्याच हातात राहावं. उद्या कमिटीनं ठरवायला घेतलं ना, तर माझ्या मैत्रिणींनाही गेटवर कारण सांगावं लागेल.

याच पंथानं कोरोना आल्यावर मार्च 2020 मध्ये दारोदार जाणं बंद केलं होतं. तर गप्प बसले का? छे. पत्रं लिहायला लागले, फोन करायला लागले. 1 सप्टेंबर 2022 ला पुन्हा दारात हजर. आधी त्यांना दर महिन्याला किती तास प्रचार केला त्याचा हिशेब द्यावा लागायचा, तो नोव्हेंबर 2023 पासून बहुतेकांसाठी बंद झाला. हे वाचलं तेव्हा माझ्या मनात पहिला प्रश्न हा आला की आत्याची ती पोरं याच पंथाची असतील, तर बल्बचा वेळ त्यांनी कशात धरला असेल? कोणत्या पंथाची होती हे आत्यानं विचारलंच नव्हतं. तिनं विचारलं होतं, ‘बुटांचा नंबर काय रे तुझा? स्टूल डुगडुगतंय.’

पत्रक मात्र ठेवून घेतलं तिनं. लाल पेन काढलं आणि पहिल्या पानापासून ऱ्हस्व-दीर्घ तपासायला बसली. ‘मृत्यूला’ पहिला उकार काढणारा मला मोक्ष काय देणार, असं काहीतरी पुटपुटत होती. काही दिवसांनी ती दोघं परत आली तेव्हा तिनं तपासलेली प्रत त्यांच्या हातात ठेवली. समासात शेरा: ‘मजकूर मनापासून लिहिला आहे. शुद्धलेखनाकडे लक्ष द्यावे.’ यापेक्षा सभ्य नकार मी आयुष्यात पाहिलेला नाही.

आता दुसरी बाजूही सांगते, कारण तिथे मात्र मी हसत नाही. आमच्या घरात माणूस गेलं होतं. दारात चपलांचा ढीग, आत सतरंजी, आणि त्यात दोघं जण ‘मेल्यानंतर काय होतं?’ असं छापलेलं पत्रक घेऊन उभे. चुकून आले नव्हते. खालून कळल्यावर मुद्दाम वर आले होते. त्या दिवशी मी एक शब्द न बोलता दार लावलं आणि आजही तस्संच लावेन. तुटलेल्या माणसाचं दार हेरून तिथे आपलं दुकान मांडणाऱ्यांना ना विनोद, ना पाण्याचा ग्लास. तीच गोष्ट ‘आई घरी नाहीये का? बरं, मग तूच वाच हे’ म्हणणाऱ्यांची. लहान मुलाशी माझ्या पाठीमागे माझ्या दारात बोलायचं नाही. बस. इथे चर्चा नाही.

पण असले थोडे. बाकीचे बघितलेत कधी नीट? मॉर्मन या अमेरिकेत निघालेल्या पंथाची कोवळी पोरं घर सोडून दोन वर्षं हेच काम करतात, मुली दीड वर्ष. कायम जोडीनं. 2019 च्या फेब्रुवारीपर्यंत त्यांना घरी फोन करायची मुभा वर्षातून दोनदा, एकदा नाताळला आणि एकदा मदर्स डेला. आता दर आठवड्याला करता येतो. अठरा-एकोणीस वर्षांचं पोर! आपल्याकडचं त्या वयाचं पोर टॉवेल कुठे आहे हे विचारायला दुसऱ्या खोलीतून फोन करतं. त्यांची शिकवण मला पटते का? नाही. त्यांना कुणी आणि का पाठवलं यावर भांडायचं असेल तर पाठवणाऱ्यांशी भांडू, मी पदर खोचून येते. दारात उभ्या असलेल्याला दिवसभर बंद दारंच दिसलेली असतात.

आत्याचा तो बुटका, बल्ब लावून झाल्यावर, पाणी पिऊन झाल्यावर, दारात घुटमळला. मला वाटलं आता परत देवाचं काढतोय. तर म्हणाला, ‘आजी, अजून काही काम आहे का?’ बोलण्यापेक्षा स्टूल धरणं त्याला सोपं गेलं असणार. आत्यानं माळ्यावरची ट्रंक काढून घेतली. नंतर परत चढवूनही घेतली, कारण हवी ती वस्तू त्यात नव्हतीच.

मला आत्याइतकं जमत नाही, पण मी माझी सोय केली आहे. चपलांच्या स्टँडवर माझ्या कवितांच्या झेरॉक्स ठेवल्यात. कुणी पत्रक दिलं की मी कविता देते. ‘तुमचं मी वाचते, माझं तुम्ही वाचा, पुढच्या वेळी आधी माझ्यावर बोलू.’ बहुतेकांना पुढची वेळ येत नाही. एक बाई मात्र खरंच परत आल्या आणि म्हणाल्या, दुसरं कडवं कमजोर आहे. आहेच ते. नवरा इतकी वर्षं ‘छान, छान’ म्हणतोय.

तर मंडळी, तुमच्या दारातले संवाद कमेंटमध्ये टाका. कुत्रा सोडण्याच्या आयडिया नकोत. त्यांच्या हातात पट्टा देऊन ‘जरा फिरवून आणता का, मग बोलू’ असं म्हटलं असेल, तर मात्र सविस्तर लिहा.